भिलवडीच्या अलीकडे

पुणे,
५ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं बरं आहे. फोन केला की आई स्पीकर लावायला सांगते आणि मग तुम्ही नुसतं ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच बोलता. मागे तुम्हीच म्हणाला होतात की काही सांगायचं असलं तर लिहून पाठवत जा, दुपारी निवांत वाचता येतं. म्हणून हा उद्योग.

सव्वीस जानेवारी सोमवारी आली आहे. शनिवार-रविवार धरून सलग सुट्टी. आम्ही दोघं कोल्हापूरला आणि तिथून पन्हाळ्याला जाणार आहोत, रेल्वेने. आणि ह्या वेळी तुम्ही आमच्याबरोबर येताय. तिकीट काढून झालंय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

माझं हे वेड तुम्हाला माहीत आहे. महिना-दोन महिने झाले की शुक्रवारी ऑफिसातून येऊन बॅग भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाडी सुटली, फलाट मागे सरकायला लागला की आता आपल्याला कुणी काही मागू शकत नाही असं वाटतं. मी गाडीत झोपत नाही, वाचत नाही, बाहेर बघत बसते. हे म्हणतात, शेतंच तर आहेत, चौसाळ्याला काय कमी होती? पण चौसाळ्याच्या शेतात काम दिसतं. गाडीतून दिसणाऱ्या शेतात माझं काहीच काम नसतं. ते कुणीतरी दुसऱ्याने करायचं असतं.

आईची काळजी करू नका. दादाशी बोलले आहे. पलीकडच्या सुकन्याकाकू दोन्ही वेळचं बघतील. लग्न होऊन आलात तेव्हापासून तुम्ही चौसाळ्याबाहेर पडलात त्या लग्नाकार्याला, नाहीतर दवाखान्याला. लेक असून मी चार दिवस येते आणि सून असून तुम्ही बारा महिने उभ्या असता, हे मला कळत नाही असं नाही. या.

तुमची,
सुनिता


चौसाळा,
१२ जानेवारी

प्रिय सुनिताताई,

पत्र पोस्टमनने दुकानावर दिलं. ह्यांनी घरी आणून माझ्या हातात ठेवलं आणि मी उघडायच्या आधीच म्हणाले, जाऊन ये. म्हणजे बहीणभावाचं आधीच ठरलेलं दिसतंय.

मी अजून रेल्वेत बसलेली नाही. बीडला गाडी सुरू झाली तेव्हा आपल्या गावातली निम्मी माणसं नुसती बघायला गेलती. हे मलाही चल म्हणत होते. मी म्हटलं, आईंना कोण बघणार? मनातून लई जावं वाटत होतं.

लहानपणी प्रवास पुष्कळ केला, पण तो ट्रॅक्टरवरचा. दिवाळी झाली की सगळा संसार ट्रॉलीत पडायचा. भांडी, कोंबड्या, शेळी, आणि त्याच्यावर आम्ही पोरं. कारखाना येईपर्यंत अंग दगडासारखं व्हायचं. त्यामुळे प्रवास म्हटला की मला अजून ती ट्रॉलीच आठवते. तुम्ही लिहिलंय तसा, नुसतं बसून बघायचा प्रवास असतो, हे मला बघायचंय. तुमचा भाचा रामेश्वर लातूरला शिकायला गेल्यापासून मला दुपारी थोडी उसंत मिळायला लागलीय. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणून येते.

एक विनंती आहे. माझे फोटो मोबाईलवर स्टेटसला टाकू नका. परमेश्वर आणि त्याची बायको सध्या ऊसतोडीला सांगलीकडे गेलेत. त्यांची पोरं फोन बघतात. भाऊ-भावजय थंडीत फडात आणि आक्का फिरायला, असं त्यांना दिसू नये.

आईंनी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करायला सांगितलीय. तेवीसला, शुक्रवारी बसने येते.

तुमची,
रोहिणी


पुणे,
२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुम्ही गेल्यापासून एक ओळ नाही. फोन केला तर आईच्याच हातात देता. म्हणून विचारते, आमचं काही चुकलं का?

मी आठवून बघितलं. पन्हाळ्याच्या हॉटेलात ह्यांनी चेष्टा केली की वहिनी इथेही अंथरुणाच्या घड्या घालतायत. ती तुम्हाला लागली असेल तर मी माफी मागते. ह्यांना बोलायचं कळत नाही. की मी तुम्हाला बळजबरीने आणलं असं वाटलं?

सकाळी पुण्यातून निघताना तुम्ही किती खूश होतात. साताऱ्यापर्यंत खिडकी सोडली नाही. नीरेच्या पुढे बोगदा आला तेव्हा माझा हात धरलात, आणि बाहेर आल्यावर स्वतःच हसलात. मला वाटलं, चला, एवढं तरी मी केलं. मग भिलवडीच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. मी चटणी-भाकरी सोडत होते. तुम्ही एकदम उठलात, डोकं दुखतंय म्हणालात आणि आतल्या जागेवर जाऊन पदर तोंडावर घेऊन बसलात. तिथून पुढे तीन दिवस तुम्ही आमच्याबरोबर होतात पण नव्हतात. अंबाबाईच्या देवळात तुम्ही रडत होतात ते मी बघितलं. भक्तीने डोळे भरून आले असतील असं समजले.

परत येताना तर खिडकीची जागा नकोच म्हणालात.

काय झालं ते लिहा. मनात ठेवू नका.

सुनिता


चौसाळा,
१० फेब्रुवारी

प्रिय सुनिताताई,

तुमचं काही चुकलं नाही. दाजींच्या चेष्टेचं तर मला हसूच आलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे कुणाला सांगणार नव्हते. ह्यांनाही नाही.

दिवाळीत परमेश्वर आणि शिवकन्या आमच्या घरी आलते. त्यांची करिष्मा नववीत आहे. शिवकन्या म्हणाली, “आक्का, हंगाम संपस्तोवर पोरीला तुमच्यापाशी ठिवा. शाळा बुडती. अन् आता ती मोठी झाली. कोपीत तिला एकटी टाकून फडात जायची भ्या वाटती.” कोपी म्हणजे ऊसतोडीच्या माणसांचं उसाच्या पाचटाचं खोपट, तुम्ही बघितली नसेल. तिला दार नसतं.

मी नाही म्हटलं. म्हटलं, आईंना घरात बाहेरचं माणूस खपत नाही. त्यांचं सगळं मलाच करावं लागतं, मला एक दिवस घर सोडून जाता येत नाही, पोरीकडं कधी बघू? शिवकन्येनं चहाचे कप विसळून पालथे घातले आणि दोघं गेली.

आता गाडीचं सांगते. परमेश्वरने फोनवर सांगितलं होतं की त्यांची टोळी भिलवडीजवळ आहे. मला ते माहीत होतं, पण गाडीतून जाताना डोक्यात नव्हतं. गाडी थांबली आणि रुळाला लागूनच उसाचा फड होता. अर्धा तुटलेला. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॉलीकडं चालल्या होत्या. त्यातली एक आमच्या डब्यासमोर थांबली. तोंडाला फडकं, साडीवर निळा चौकड्याचा शर्ट. तो ह्यांचा जुना शर्ट मीच दिवाळीत शिवकन्येला दिलेला. बांधावर एक पोरगी कडेवर लेकरू घेऊन उभी होती. नववीतली पोर जेवढी असते तेवढी.

ती बाई मान वर करून खिडक्यांकडं बघत होती. मी खिडकीत. हातात तुम्ही दिलेला चहा.

मला हात करता आला असता. नावानं हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. मी उठले आणि तोंड झाकून आत बसले. एक दिवस घर सोडून जाता येत नाही असं जिला सांगितलं, तिच्या समोरून मी फिरायला चाललेली. गाडी सुटायला लई वेळ लागला. मी पदराआड बसून सुटायची वाट बघत होते.

तिनं बघितलं का, हे मला माहीत नाही. तेव्हापासून परमेश्वरचा फोन आला की मी उचलत नाही.

आणखी एक. मी दहावी झाले ती कशी, तुम्हाला माहीत नसेल. आष्टीच्या ताराबाई आत्यानं मला ठेवून घेतलं. तिच्याकडं चार पोरं होती आणि एकच खोली. दहावी होते म्हणून तुमच्या घरात पडले. करिष्माची आत्या मी आहे.

पण तुमच्या आईंच्या पुढं माझं काय चालतं? तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीतच आहे.

रोहिणी


पुणे,
१७ फेब्रुवारी

वहिनी,

ह्याआधी एक पत्र लिहून फाडलं. ते रागाने लिहिलं होतं. हे दुसरं.

तुमचं पत्र वाचून मला आईचाच राग आला. तुम्ही शेतात गेलेल्या असताना तिला फोन केला आणि बरंच बोलले. म्हटलं, नववीतली पोरगी चार महिने घरात राहिली असती तर तुझं काय बिघडलं असतं? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “कोणती पोरगी? मला कवा कुणी इचारलं?” तिला परमेश्वर आलेला आठवतो. तो कशासाठी आला होता हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, “असती तर मला बोलाया तरी कुणी घावलं असतं. तुझी वहिनी दिवसभर कामात असती.”

वहिनी, तुम्ही आईला विचारलंच नव्हतं.

त्या फाडलेल्या पत्रात मी तुम्हाला ह्यावरून नाही नाही ते लिहिलं. माझ्या आईच्या नावावर स्वतःचा नकार खपवलात, म्हाताऱ्या माणसाला वाईट केलंत, वगैरे. पाकिटात घालताना हात थांबला, कारण मीही तेच करते.

गेल्या वर्षी आम्ही हंपीला गेलो. आठवतं का, फोटो पाठवले होते? त्या सुट्टीसाठी ऑफिसात मी सांगितलं होतं की आईची तब्येत बरी नाही, गावी जाते. त्याच्या आधी गोव्यालाही तेच. आणि तुम्ही मला बोलावता तेव्हा सांगते की सुट्टी मिळत नाही. आई माझ्या कामाला येते, वहिनी. मी तिच्या कामाला जात नाही. ऑफिसातल्या बायका माझी चौकशी करतात, आईला बरं वाटतं का म्हणून, आणि मी बरं आहे म्हणते. तुमचं तिकीट काढलं तेही प्रेमाने काढलं असं मी समजत होते. आता वाटतं, मी यायचं टाळते त्याची भरपाई केली. तुम्हाला तीन दिवस फिरवून आणलं की पुढचं वर्षभर माझी मान वर.

तेव्हा मी तुम्हाला काय शिकवणार? पण करिष्मा अजून तिथेच आहे. आपल्या दोघींना काय वाटतं याने तिचं काही होत नाही. तुम्ही म्हणाल त्या शनिवारी मी सांगलीला येते, आपण दोघी जाऊ.

सुनिता


चौसाळा,
८ मार्च

प्रिय सुनिताताई,

तुम्ही येते म्हणालात, पण मी तुम्हाला न कळवता एकटी जाऊन आले. रागावू नका. तुम्ही बरोबर असतात तर मी तुमच्या मागं उभी राहिले असते.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. आईंना मी विचारलं नव्हतं. विचारलं तर त्या हो म्हणतील, याचीच भीती होती. रामेश्वरची खोली रिकामी आहे. ती रिकामी आहे म्हणूनच मी नाही म्हटलं. दुपारी तिथं पडून राहायला मला आवडायला लागलं होतं. आणि खरं म्हणजे, माझं माहेर ऊसतोडीचं आहे हे तुमच्या भावकीला माहीत असलं तरी डोळ्यासमोर नव्हतं. पोरगी आली की ते रोज दिसलं असतं. आता कागदावर लिहिलं तर किती हलकं दिसतंय. पण तेव्हा ते मला पोरीपेक्षा मोठं वाटलं.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी आईंच्या पाया पडले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझ्या पाया पडून काय उपेग? जिकडं जायाचं तिकडं जा.” ह्यांनाही सांगितलं. हे उठून बार्शीच्या बसचं विचारून आले.

बार्शीहून कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून मिरजेची गाडी. तिकीट मीच काढलं. डबा गच्च होता, दाराजवळ पिशवीवर बसून गेले. तुम्ही म्हणता तसं गाडी सुटल्यावर मोकळं वाटतं, तसं काही वाटलं नाही. परमेश्वरला काय तोंड दाखवू, याचीच उजळणी करत होते. कवठेमहांकाळला एका बाईने सरकून जागा दिली आणि विचारलं, माहेरी चाललाव का? मी हो म्हटलं.

मिरजेहून सांगली, तिथून वडापच्या जीपनं त्यांच्या कोप्यांवर पोचले. परमेश्वर बैलांना उसाचं वाढं टाकत होता. मला बघूनही तो वाढं टाकत राहिला. शिवकन्या फडातून आली ती अंगावर पाचट तशीच. माझ्या समोर बसली आणि पाणी प्याली. मी म्हटलं, मला आधी एक बोलायचंय. आणि त्या दिवशी गाडीत मी तोंड कसं लपवलं, ते सगळं सांगितलं. शर्टाचं, पोरीचं, चहाचं, सगळं.

ती म्हणाली, “सव्वीस जानेवारीच्या आदी? आक्का, तवा आमी तिथं नव्हतोच. संक्रांतीलाच मुकादमानं टोळी नदीच्या पल्याड हलवली. दुसरीच कुणीतरी आसंल ती. निळं शर्ट काय, सगळ्याच बाया घालत्यात.”

ताई, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. आणि मग लक्षात आलं की मी कुणाची माफी मागायला आले तेच आता राहिलं नाही. ती बाई कोण, कुठली, कुणाची भावजय, मला कधी कळणार नाही. आणि शिवकन्येला तर ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. आता कळलं.

ती उठली, पाठ करून चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, “दिसली आसती तर मी हाक मारली आसती.” एवढंच.

करिष्मा कुठंय विचारलं तेव्हा परमेश्वर पहिल्यांदा बोलला. तिचं जमलंय म्हणाला. टोळीतलाच, धारूरकडचा मुलगा आहे, पाडव्याला बैठक आहे. मी म्हटलं, चौदा वर्षांची आहे ती. तो म्हणाला, “मला वय शिकवू नको. दिवाळीला तुझ्या दारात आलतो, तवा तुला तिचं वय ठाव नव्हतं का?” मग म्हणाला की शब्द दिलाय, आता मागं घेता येत नाही. मी म्हटलं, मग मी इथंच बसते. आणि बसले. दिवस कलला, टोळीतल्या बाया येऊन बघून गेल्या, तरी बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

ते शिवकन्येनं ठरवलं. कोपीत गेली, पोरीचे कपडे पिशवीत भरले, पुस्तकं वर ठेवली आणि पिशवी माझ्यापुढं आणून टाकली. परमेश्वर उठला तर त्याला म्हणाली, “शबुद तुमी दिला, मी न्हाई दिला.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आक्का, तुमच्याकडं बघून देत न्हाई. तिच्याकडं बघून देते. ध्येनात ठिवा.”

मी ध्यानात ठेवीन म्हटलं.

करिष्मा सगळा वेळ धाकट्याला घेऊन बाजूला उभी होती. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. निघताना तिनंच विचारलं, “आत्या, नववी तर बुडाली. आता येऊन काय करू?” मी म्हटलं, पुन्हा बसू. ती म्हणाली, “तुमी न्हाई बसणार, मी बसणार.” खरंच आहे.

तिला घेऊन आले त्याला आठवडा झाला. शाळेत मुख्याध्यापकांना भेटलो, जूनपासून घेतो म्हणालेत. पाडव्याची बैठक मोडल्याचं परमेश्वरने फोनवर ह्यांना सांगितलं. माझ्याशी बोलला नाही. मुलाकडच्यांनी त्याला चारचौघांत बरंच सुनावलं म्हणे. ते मी ऐकायला हवं होतं, ते त्यानं ऐकलं.

आई मात्र खूश आहेत. दुपारभर त्यांचं आणि करिष्माचं काहीतरी चाललेलं असतं. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. सांगेल ते करते, जास्तीचं काही मागत नाही. जेवायला बस म्हटलं की आधी माझ्या तोंडाकडं बघते.

ताई, तुम्ही माझ्यासाठी आता तिकीट काढू नका. स्वतःसाठी काढा, इकडचं. शनिवार-रविवार जोडून नको. आईंची तब्येत बरी आहे, तेव्हा ऑफिसात खरं कारण सांगून या.

रामेश्वरची खोली करिष्माला दिलीय. कपाट रिकामं करून दिलं, फळीवर कागद घातला. पण तिनं पिशवी अजून उघडलेली नाही. लागेल तो कपडा ओढून काढते, धुऊन वाळला की परत आत घालते आणि गाठ मारते. पिशवी दाराशीच असते. झाडताना मी ती उचलते आणि झाडून झाल्यावर होती तिथंच परत ठेवते.

तुमची,
रोहिणी